भाकर आणि गिरास : मराठी ख्रिस्ती अनुभवातील आध्यात्मिक भूक

१

कोल्हापूरहून पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा हे गाव आहे. कोल्हापूर संस्थानातील पंत अमात्यांची बावडा जहागीर ती हीच. गावापासून करूळ आणि भुईबावडा ह्या दोन घाटवाटा कोकणात उतरतात. ह्या भागात पडणाऱ्या पावसाचे काही पाणी कुंभी नदीवाटे पंचगंगेस व पुढे कृष्णेस मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. काही पाणी कडा उतरून थोडक्याच वाटेने पश्चिमसमुद्र गाठते. पाऊस एकच, परंतु त्याच्या वाटा दोन.

ख्रिस्ती धर्माचे केंद्र म्हणून गगनबावडा कोणास परिचित नाही, आणि तसे सुचविण्याचा येथे हेतूही नाही. ह्या लेखात हे गाव येते ते पाणलोटाच्या रेषेसारखे. मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धा दोन मोठ्या प्रवाहांनी आली. पहिला प्रवाह सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेबरोबर गोव्यात आला आणि तेथून कोकणपट्टीत पसरला. दुसरा एकोणिसाव्या शतकात मुंबई व अहमदनगर येथील अमेरिकन मिशनऱ्यांच्या कार्यातून देशावर आला. कोल्हापुरात तो १८५२ साली रॉयल गूल्ड वाइल्डर ह्यांच्याबरोबर पोहोचला आणि पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाच्या कार्यात मिळाला. ही वाटणी काटेकोर नव्हे. घाटाखाली वेंगुर्ल्यासही प्रेसबिटेरियन केंद्र होते. तथापि स्थूलमानाने पाहता घाटाच्या खाली एक परंपरा व घाटाच्या वर दुसरी, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्या दोन परंपरांतील भेद एका लहानशा शब्दात स्पष्ट दिसतो. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाची मागणी आहे. देशावरचा मराठी ख्रिस्ती मनुष्य ह्या ठिकाणी 'भाकर' मागतो. गोव्याकडील कोंकणी ख्रिस्ती मनुष्य 'गिरास' मागतो. गिरास म्हणजे संस्कृतातील ग्रास. आई लेकराला भरविते त्या 'घास' ह्या शब्दाचा तो अर्थाने सोयराच आहे. एकीकडे चुलीवरून उतरलेले अन्न, दुसरीकडे तोंडाशी आलेले अन्न. परंतु दोहोंकडे एक शब्द कटाक्षाने नाही. तो म्हणजे 'पाव'. वास्तविक पोर्तुगीजांनी आणलेला हा शब्द गोव्यात घरोघर रुळला होता व मूळ अर्थाशी तोच अधिक जुळणारा होता. तरीही प्रार्थनेत तो आला नाही. असे का झाले असावे, हा ह्या लेखाचा आरंभीचा प्रश्न. आणि त्यातूनच पुढचा, अधिक महत्त्वाचा प्रश्न निघतो : आध्यात्मिक भुकेला मिळालेले अन्न अंगी लागते, ते केव्हा?

२

अध्यात्माला भुकेची भाषा लावणे मराठीला नवीन नाही. अन्न हेच ब्रह्म, हा विचार तैत्तिरीय उपनिषदाइतका जुना आहे. वारकरी संतांनी तर विठ्ठलाला माउली केले आणि भक्ताला तान्हे मूल. मुलाची भूक आईला सांगावी लागत नाही, ह्या घरगुती अनुभवावर भक्तीचे केवढे तरी शास्त्र त्यांनी उभारले. उत्सवाच्या अखेरीस होणारा गोपाळकाला हीसुद्धा भुकेची आणि वाटून खाण्याचीच उपासना होय.

मात्र एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. भक्तिपरंपरेतील प्रसिद्ध कथांत पुष्कळदा देव जेवतो. नामदेव नैवेद्य घेऊन हट्ट धरतो आणि विठ्ठल जेवू लागतो. चोखामेळ्याच्या घरी देव पंगतीस बसतो. भक्ताचे अन्न देवाने गोड मानून घ्यावे, ही तेथील उत्कंठा. ख्रिस्ती उपासनेत उत्कंठेची दिशा उलट आहे. तेथे देव यजमान आहे, इतकेच नव्हे तर देवच अन्न आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवितो, आणि प्रभुभोजनाच्या वा मिस्सेच्या विधीत तीच भाकर मोडून वाटली जाते.

त्या अध्यायाची मांडणी मननीय आहे. आरंभी पाच हजारांना जेवू घातल्याची कथा आहे. त्या भाकरी जवाच्या होत्या, असे योहान मुद्दाम नोंदवितो. जव हे गरिबाचे धान्य. डोंगरी मुलखातील नाचणीच्या भाकरीशी त्याचे नाते भट्टीतल्या पांढऱ्या पावापेक्षा कितीतरी जवळचे. दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधीत येतात, तेव्हा तो त्यांना सुनावतो की, तुम्ही मला शोधता ते पोट भरले म्हणून. म्हणजे ज्याने जेवू घातले त्यानेच पोटाच्या भुकेवर थांबू नका असेही सांगितले. पोटाची भूक खोटी असे तो म्हणत नाही. ती भागल्यावर जी उरते तीही भूक आहे, एवढेच तो दाखवून देतो.

३

ही उरलेली भूक मराठीत पहिल्याने ठळकपणे नोंदविली गेली ती फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त. स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. ते १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची ओवीसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे.

पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टी प्रांतातील एका देवळात धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य ठरविलीत. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे एखादे पुराण का देत नाही? हा प्रश्न वरवर ग्रंथाची मागणी करणारा वाटतो. परंतु त्यात भूक आहे. ज्यांच्या पुढ्यातले ताट ओढून घेतले गेले त्यांचा तो प्रश्न आहे. प्रश्नोत्तरांची शिकवणी त्यांना मिळत होती, विधी मिळत होते; परंतु ऐकता ऐकता मन भरून यावे असे काही मिळत नव्हते.

सत्तेच्या बळावर झालेल्या धर्मांतराच्या इतिहासाकडे डोळेझाक करता येत नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनची कचेरी होती, आणि पुढे १६८४ साली लोकभाषेविरुद्ध फर्मानही निघाले. अशा परिस्थितीत स्टीफन्स ह्यांनी ओवी स्वीकारली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि मराठीचे तोंड भरून कौतुक केले. ह्यामागे धर्मप्रसाराचे धोरण होते, हे उघड आहे. तथापि धोरणाने चांगली ओवी लिहून होत नाही. भुकेल्याला त्याच्या ओळखीच्या धान्याचेच अन्न रुचते, ही जाण त्या ओव्यांत आहे, आणि प्रार्थनेतील 'गिरास' हा शब्दही त्याच जाणिवेचा आहे.

४

आता पावाकडे वळू. मराठी समाजात दीर्घकाळ पाव हा केवळ खाद्यपदार्थ नव्हता. तो बाटण्याचा शिक्का होता. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यालेला गाव बाटला, अशा कथा कोकणात व वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. त्या प्रत्येक कथेचा ऐतिहासिक आधार कितपत आहे, हा वेगळा प्रश्न. अन्नाच्या एका तुकड्याने मनुष्य आपल्या माणसांतून उठतो, ही भीती मात्र खरी होती.

ह्या भीतीचा उलटा उपयोगही झाला. मुंबईतील परमहंस सभा ही १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली गुप्त संस्था. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा केलेल्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. बाबा पदमनजी तरुणपणी ह्या सभेत होते. बेळगावात जन्मलेल्या बाबांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रात आपल्या शोधाची हकीकत सांगितली. सभासदांची नावे १८६० साली बाहेर फुटली, तेव्हा सभा मोडली. पाव गुप्तपणे खाता आला. उजेडात त्याचा बोभाटा सोसण्याची तयारी थोड्यांचीच होती. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने तर मोठेच ग्रामण्य उभे केले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांनाही त्याची झळ पोहोचली.

ह्यावरून प्रार्थनेत पाव का आला नाही, ह्याचा तर्क करता येतो. पाव हे तोडणारे अन्न होते. रोज आकाशातील पित्याकडे मागावयाचे अन्न जोडणारे हवे. मराठीत भाकर तशी आहे. आपण पाहुण्याला मीठभाकर खावयास बोलावितो, दारी आलेल्याला भाकरतुकडा देतो, लेकराची दृष्ट काढताना भाकरतुकडाच ओवाळून टाकतो. शास्त्राच्या भाषांतरकारांनी हा शब्द निवडला, तेव्हा त्यांनी एक धान्यच नव्हे तर एक सबंध घर निवडले. बेथलेहेम ह्या नावाचा हिब्रू अर्थही 'भाकरीचे घर' असाच होतो, हा योगायोग येथे आठवल्यावाचून राहत नाही.

५

तरीही एक आक्षेप उरतोच आणि तो हलका नाही. 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी', अशी आपल्याकडे म्हण आहे. १८७६ ते १८७८ आणि १८९६ ते १९०० ह्या काळांतील दुष्काळांत अनेक कुटुंबे मिशनच्या आश्रयास आली. त्यांची भूक आध्यात्मिक होती की पोटाची, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला व आजही विचारला जातो. ह्याचे उत्तर तात्त्विक वादाने देण्यापेक्षा पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. कारण दोन्ही भुका त्यांनी स्वतः सोसल्या होत्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतच, कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पौराणिक. तीर्थयात्रा आणि पुराणकथन ह्यांवर त्यांचा संसार चाले. दक्षिणेतील दुष्काळात ह्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली, आणि वडील, आई व मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने मरण पावली. ह्या दिवसांतही व्रते, उपवास, दाने चालूच होती. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. दुष्काळात कोणा मिशनने त्यांना जेवू घातले नव्हते. ख्रिस्ती शास्त्राशी त्यांचा मनापासूनचा परिचय झाला तो पुढे, पोटाची ददात मिटल्यावर, सिल्चर येथे घरात सापडलेल्या लूककृत शुभवर्तमानाच्या बंगाली प्रतीतून. म्हणजे ज्या वेळी भूक पोटाची होती त्या वेळी त्यांनी धर्म सोडला नाही. सोडला तो पोट भरलेले असता.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील त्यांचे वर्तन आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांनी शाकाहार सोडला नाही व खाण्यापिण्याचे आपले नियम पाळले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन ह्यांना ह्यात अभिमानाचा अवशेष दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असाही प्रश्न रमाबाईंनी केला. जीवनाची भाकर घेतली म्हणून इंग्रजी ताट घेतलेच पाहिजे असे नाही, हा त्यामागील विचार होता. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाने अडीचशे वर्षांपूर्वी केलेल्या मागणीचीच ही दुसरी बाजू म्हणावयास हवी. तो आपल्या भाषेतले अन्न मागत होता. रमाबाई परक्या ताटाला नकार देत होत्या.

परंतु त्याहून मार्मिक गोष्ट त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत लिहिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. धर्मांतर केले की भूक भागली, असा हिशेब मांडणाऱ्या प्रचारकाला ही कबुली अडचणीची आहे, आणि धर्मांतर केवळ भाकरीसाठी झाले असे मानणाऱ्या टीकाकारालाही ती अडचणीचीच आहे. पंगतीस बसणे वेगळे आणि अन्न अंगी लागणे वेगळे.

अन्न अंगी लागले ह्याची खूण पुढे केडगावात दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. आपली माणसे अन्नावाचून गेली ती आठवण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम झाले, छापखाना उभा राहिला. आणि ह्या सर्व व्यापात त्यांनी सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. साध्या बायांना कळावे म्हणून त्यांनी पंडिती शब्द टाळले. जुळारी, छापणाऱ्या आश्रमातल्याच स्त्रिया होत्या. १९२२ साली मृत्यूपूर्वी रमाबाईंनी हे काम पुरे केले. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्वारीची भाकर आणि शब्दाची भाकर एकाच अंगणात भाजली जात होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

६

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची वाट निराळी. ते कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना विशेष ओढून घेतले. त्याच प्रवचनात धार्मिकतेची भूक लागलेल्यांना तृप्तीचे आश्वासन आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे टिळक सांगत. ह्या म्हणण्याचा अर्थ पुष्कळदा उदारपणाचे उद्‌गार एवढाच घेतला जातो. वस्तुतः त्यात भुकेचा इतिहास आहे. भूक तुकारामाने लावली होती. ती लागली नसती तर अन्नाची ओळख पटली नसती. म्हणून टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि आई अशा दोन्ही नात्यांनी हाक मारली, अभंग रचले, कीर्तन केले. अहमदनगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पूर्वीच पडली होती. टिळकांनी तिला काव्याचे बळ दिले. आज मराठी मंडळ्यांत गाइल्या जाणाऱ्या 'उपासना संगीता'चा मोठा भाग त्यांचा आहे. अखेरीस १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही तेथे जागा होती. पोळी आणि टाळी ह्यांचा संबंध त्यांनी अशा रीतीने स्वतःपुरता तोडून टाकला. १९१९ साली ते निवर्तले.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट मात्र स्वयंपाकघरातून गेली. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी सोवळे सांभाळले. चूल निराळी, पाणी निराळे. हा भेद त्यांनी कोणाच्या उपदेशाने सोडला नाही. त्यांनी स्वतः विचार केला, जात माणसाने निर्माण केली असे त्यांच्या मनाने घेतले, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यास त्यांना अडचण वाटेना. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ह्या क्रमाचे महत्त्व जाणवते. त्यांच्या बाबतीत पंगत आधी आणि बाप्तिस्मा मागाहून. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' दहा अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या ह्या बाईने उरलेले अध्याय रचिले. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला. जिला वाढले गेले तीच वाढू लागली.

७

ह्या विवेचनातून एक कसोटी हाती येते. आध्यात्मिक भूक भागली की नाही, हे जेवणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. अन्न अंगी लागले की नाही, ह्यावरून ते ठरते. त्याच्या तीन खुणा वरील चरित्रांत दिसतात. अन्न ओळखीच्या भाषेचे असावे लागते, ही पहिली. ते मोकळ्या मनाने घेतलेले असावे लागते, ही दुसरी. आणि जेवणारा पुढे वाढपी होतो, ही तिसरी. स्टीफन्स ह्यांच्या ओव्यांत पहिली खूण आहे. परंतु त्या काळी सत्तेचा हात ताटावर असल्यामुळे दुसरी संशयित राहते. रमाबाई आणि टिळक दांपत्य ह्यांच्या ठिकाणी तिन्ही एकत्र आढळतात.

ह्या कसोटीवर मराठी ख्रिस्ती समाजाचाही हिशेब घ्यावयास हवा. मोडलेल्या एका भाकरीतून सर्वांनी खावे, हा विधी जातिभेदाला मुळातच अमान्य करणारा आहे. असे असूनही गोव्यातील कोंफ्रारियांत, म्हणजे देवळाशी निगडित बंधुसंघांत, जातीचे मान व हक्क दीर्घकाळ टिकले. देशावरच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. तेथेही मूळ जातीची आठवण बाप्तिस्म्याने सहजासहजी पुसली गेली नाही. जेथे पंगत तुटली तेथे भाकर पोटात गेली, पण अंगी लागली नाही, असेच म्हणावे लागते. हा दोष एकट्या ख्रिस्ती समाजाचा नव्हे. काल्याचा प्रसाद सर्वांनी खावा आणि चोखोबाची समाधी मात्र महाद्वाराबाहेर असावी, हे आपण पंढरीस पाहतोच. भुकेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक धर्मापुढे पंगतीचा प्रश्न उभा असतो.

गगनबावड्याच्या माथ्यावर पडणारे पाणी कोणत्या बाजूस वाहील, हे जमिनीच्या उतारावर अवलंबून असते. घाटाखाली त्याने गिरास पिकविला, घाटावर भाकर पिकविली. परंतु दोन्ही प्रार्थनांत मागणाऱ्याचे सर्वनाम एकच आहे, आणि ते अनेकवचनी आहे. अन्न 'मला' दे असे कोणीही म्हणत नाही. 'आम्हांला' दे असेच दोघेही म्हणतात. आध्यात्मिक भूक एकट्याला लागते, परंतु ती एकट्याने भागत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाचा अभ्यास करणाऱ्याने त्याची काव्यगुणांसाठी वाखाणणी करावीच. पण त्यापूर्वी त्याने हे 'आम्हांला' नीट वाचावे, आणि त्यात कोण कोण आले व कोण राहिले, ह्याची विचारपूस करावी.